यूज केस लिहायला शिका: गावच्या दूध डेअरीच्या उदाहरणावरून

सॉफ्टवेअरच्या गरजा लिहायला बसलं की बहुतेकांकडून यादी तयार होते. 'सिस्टीमने उत्पादकाची माहिती साठवावी. सिस्टीमने फॅट साठवावी. सिस्टीमने पावती छापावी.' अशा दीडशे ओळी झाल्या तरी सकाळी सहाला माणूस कॅन घेऊन दारात उभा राहिला की आधी काय होतं, मशीन बंद पडलं तर पुढे काय, हे त्यात कुठेच सापडत नाही. यूज केसमध्ये नेमकं हेच लिहायचं असतं. कुणाला तरी सिस्टीमकडून एक काम करून घ्यायचं आहे. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं पार पडतं आणि वाटेत कुठे कुठे अडतं, ते क्रमाने मांडायचं.

ही पद्धत स्वीडनच्या इव्हार जेकबसन यांची. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजवर काम करताना ती आकाराला आली आणि १९८६ च्या सुमाराला त्यांनी ती मांडली. १९९७ मध्ये यूएमएल हे सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायचं प्रमाण ठरलं तेव्हा यूज केसची आकृतीही त्यात आली. तेव्हापासून शिकणारे आधी आकृती काढायला शिकतात आणि बरेचजण तिथेच थांबतात. काडीचा माणूस आणि लंबगोल काढणं तासाभरात येतं. खरं काम मजकुरात आहे, म्हणून इथे मजकूर आधी आणि आकृती नंतर घेतली आहे.

उदाहरण दूध संस्थेच्या संकलन केंद्राचं. ते निवडायचं कारण असं की तिथे माणसं, यंत्रं, पैसे आणि घाई एकाच खोलीत असतात.

आधी खोलीत उभं राहून बघा

सकाळची आणि संध्याकाळची, अशी एकेक पूर्ण पाळी केंद्रावर उभं राहून बघा. उत्पादक कोड नंबर सांगतो. कॅन काट्यावर जातो. वाटीभर दुधाचा नमुना ॲनालायझरखाली ठेवला जातो. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, हे दोन आकडे येतात. दरपत्रकावरून दर निघतो, चिठ्ठी हातात पडते, माणूस निघतो. मागे रांग उभीच असते.

बघताना वहीत दोन रकाने करा: 'कोण काय करतं' आणि 'कुठे थांबलं'. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. कुणाचा कोड चुकीचा लागला, कुणी फॅट कमी लागली म्हणून नमुना परत लावायला सांगितला, कुणी गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळ्या किटल्यांत आणलं, हे सगळं जिथल्या तिथे टिपा. सचिवांना टेबलाशी बसवून विचारलं तर ते सगळं सुरळीत चालतं असंच सांगतील. त्यांना या अडचणी इतक्या सवयीच्या झालेल्या असतात की सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटत नाही.

हद्द आणि ॲक्टर

कोऱ्या कागदावर मोठा चौकोन काढा आणि वर नाव लिहा: 'संकलन सॉफ्टवेअर'. आपण जे बांधणार ते आत, बाकी सगळं बाहेर. वजनकाटा बाहेर, कारण तो विकत आणलेला आहे आणि त्याच्यात आपण काही बदलणार नाही. ॲनालायझर बाहेर, बँक बाहेर, तालुका संघाची सिस्टीमही बाहेर. टँकरला दूध दिल्याची नोंद आत की बाहेर, असा प्रश्न निघेल. तो संस्थेकडून त्याच दिवशी सोडवून घ्या आणि ठरलेलं तारखेसह लिहून ठेवा. ही एक ओळ राहून गेली की शेवटच्या महिन्यात भांडण उभं राहतं.

चौकोनाबाहेरून जो सिस्टीमशी देवाणघेवाण करतो तो ॲक्टर. तो माणूस असेल, यंत्र असेल किंवा दुसरी सिस्टीम असेल. ॲक्टर म्हणजे भूमिका. छोट्या संस्थेत सकाळी संकलन करणारा आणि महिन्याचे हिशेब बघणारा माणूस एकच असतो, तरी ॲक्टर दोन: संकलक आणि सचिव. उद्या दुसरा माणूस नेमला तर लिहिलेलं बदलावं लागू नये, आणि कुणाला कशाचा अधिकार द्यायचा हेही या विभागणीवरूनच ठरतं.

दूध घालणारा उत्पादक ॲक्टर आहे का? कळ दाबतो संकलक, उत्पादक सिस्टीमला हातही लावत नाही. मग त्याला या यूज केसचा ॲक्टर धरू नका, पण विसरूही नका. मजकुरात 'हितसंबंध' असा रकाना असतो, तिथे त्याला जागा द्या: माप बरोबर व्हावं, फॅट स्वतःच्या डोळ्यांनी दिसावी, चिठ्ठी हातात मिळावी. या तीन अपेक्षांमधून पुढे तीन पायऱ्या निघतात. पुढे मोबाइल ॲप दिलं आणि त्यात तो आपला हिशेब बघू लागला, की त्या कामापुरता तो ॲक्टर होईल.

काम केवढं धरायचं

सर्वात जास्त चुका इथे होतात. 'लॉगिन करणे', 'कोड टाकणे', 'फॅट वाचणे' अशा चाळीस यूज केसेस तयार होतात आणि वाचणाऱ्याला त्यातून काम दिसतच नाही. उलट 'संस्थेचा कारभार सांभाळणे' ही एकच यूज केस लिहिली तर त्यातूनही हाती काही लागत नाही.

अॅलिस्टर कॉकबर्न या यूज केसवर पुस्तक लिहिणाऱ्या लेखकांनी यासाठी समुद्राची उपमा दिली: ढग-पतंगाच्या उंचीची कामं फार मोठी, पाण्याखालच्या माशांएवढी फार बारीक, आणि समुद्रसपाटीवरची कामं नेमकी मापाची. ती ओळखायला एक प्रश्न पुरतो: हे झाल्यावर माणूस 'झालं एक काम' म्हणून खुर्चीवरून उठू शकतो का? लॉगिन करून कुणी काम झालं म्हणत नाही. एका उत्पादकाच्या दुधाची नोंद झाली, चिठ्ठी दिली, की पुढच्याला हाक मारता येते. हे मापात बसतं.

या मापाने आपल्या केंद्राच्या यूज केसेस साधारण अशा निघतात: दूध संकलनाची नोंद करणे, नोंद दुरुस्त करणे, पाळी बंद करणे, दरपत्रक लागू करणे, उत्पादकांची माहिती सांभाळणे, पेंड उधारीवर देणे, उचल देणे, दहा दिवसांचा पगार (म्हणजे उत्पादकांच्या दुधाचे पैसे) काढणे. नाव देताना क्रियापद हवंच. 'पेंड' किंवा 'पेंड मॉड्यूल' हे यूज केसचं नाव होत नाही. उत्पादकाची भर घालणे, बदलणे, पाहणे, बंद करणे अशा चार वेगळ्या यूज केसेस काढू नका. एकच 'माहिती सांभाळणे' पुरे. लॉगिनही वेगळं लिहायचं नाही. ते 'पूर्वअट' या रकान्यात एका ओळीत बसतं.

एक यूज केस पूर्ण लिहून

नाव: दूध संकलनाची नोंद करणे
मुख्य ॲक्टर: संकलक
सहायक ॲक्टर: वजनकाटा, ॲनालायझर
हितसंबंध: उत्पादकाला माप आणि फॅट समोर दिसायला हवी, चिठ्ठी मिळायला हवी. संस्थेला खराब दूध बल्क कूलरमध्ये, म्हणजे सगळ्यांचं दूध थंड ठेवायच्या टाकीत, जायला नको. सचिवांना प्रत्येक आकडा कुठून आला ते नंतर कळायला हवं.
पूर्वअट: संकलक लॉगिन आहे, पाळी सुरू केलेली आहे, आजचं दरपत्रक लागू आहे.
किमान हमी: अर्धवट नोंदीचे पैसे उत्पादकाच्या खात्यावर पडत नाहीत.
यशाची हमी: माप, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम उत्पादकाच्या खात्यावर नोंदलेली आहे.

मुख्य प्रवाह:

१. संकलक उत्पादकाचा कोड देतो.
२. सिस्टीम उत्पादकाचं नाव आणि दुधाचा नेहमीचा प्रकार दाखवते.
३. वजनकाटा दुधाचं वजन देतो.
४. ॲनालायझर फॅट आणि एसएनएफ देतो.
५. सिस्टीम आकडे स्वीकृतीच्या मर्यादेत असल्याची खात्री करते.
६. सिस्टीम दरपत्रकानुसार दर आणि रक्कम काढून संकलक व उत्पादक दोघांना दिसेल अशी दाखवते.
७. संकलक नोंद पक्की करतो.
८. सिस्टीम नोंद साठवते आणि चिठ्ठी छापते.

पर्यायी प्रवाह (आकडा मुख्य प्रवाहातल्या पायरीचा, अक्षर त्या पायरीच्या पर्यायाचं, * म्हणजे कुठल्याही पायरीवर):

१अ. कोड सापडत नाही: सिस्टीम नावाने शोधू देते, सापडल्यास पायरी २, न सापडल्यास यूज केस अपयशी संपते.
२अ. आज दुधाचा प्रकार वेगळा आहे: संकलक प्रकार बदलतो; पायरी ३.
२आ. याच पाळीत या कोडवर त्याच प्रकारच्या दुधाची नोंद आधीच आहे: सिस्टीम जुनी नोंद दाखवून विचारते, संकलक 'दुसरा कॅन' म्हणून पुढे जातो (पायरी ३) किंवा काम सोडून देतो.
३अ. काट्याकडून वजन येत नाही: संकलक वजन हाताने भरतो, सिस्टीम त्या आकड्यावर 'हाताने भरलेला' अशी खूण करते, पायरी ४.
४अ. ॲनालायझर उत्तर देत नाही: सिस्टीम वजन राखून नोंद 'फॅट बाकी' म्हणून ठेवते आणि नमुन्याच्या बाटलीचा क्रमांक मागते, यूज केस इथे संपते.
५अ. आकडे मर्यादेबाहेर आहेत: सिस्टीम नमुना पुन्हा तपासायला सांगते, पायरी ४.
५आ. दुसऱ्या तपासणीतही मर्यादेबाहेर: संकलक कारण देऊन दूध नाकारतो, सिस्टीम नाकारल्याची नोंद ठेवते, यूज केस अपयशी संपते.
८अ. प्रिंटर चालत नाही: सिस्टीम नोंद साठवते आणि चिठ्ठी नंतर छापायच्या यादीत टाकते, यूज केस यशस्वी संपते.
*अ. कधीही वीज गेली तर: पुन्हा सुरू झाल्यावर सिस्टीम पक्की न झालेली नोंद दाखवून पुढे न्यायची की रद्द करायची ते विचारते, पुढे नेल्यास थांबलेली पायरी, रद्द केल्यास यूज केस अपयशी संपते.

मुख्य प्रवाह आठ ओळींचा आणि पर्याय नऊ. हे प्रमाण बरोबर आहे. पर्यायी प्रवाह दोन-तीनच निघाले असतील तर केंद्रावर पुन्हा एक पाळी काढा.

वरच्या मजकुरात काय पाळलं आहे

प्रत्येक वाक्याला एकच कर्ता आहे, आणि तो कोण हे वाक्यातच आहे. 'कोड दिला जातो आणि माहिती तपासली जाते' असं लिहिलं की कोण देतं, कोण तपासतं हे प्रोग्रॅमरला आपल्या मनाने ठरवावं लागतं. मराठीत अशी कर्ता गाळलेली वाक्यं सहज लिहिली जातात, म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यासमोर 'कोण?' विचारत जा.

पडद्याचं वर्णन कुठेही नाही. 'एंटर दाबतो', 'हिरव्या बटणावर क्लिक करतो' असं लिहिलं तर डिझाइन बदललं की मजकूर शिळा होतो. 'पक्की करतो' एवढं पुरे.

पर्यायाच्या अटी सिस्टीमला कळू शकतील अशाच आहेत. 'काटा बिघडला' ही अट चालत नाही, कारण काटा बिघडला हे सिस्टीमला दिसत नाही. वजन येत नाही एवढंच तिला समजतं. 'दूध आंबट आहे' हेही तसंच. वासावरून संकलकाला ते कळतं, सिस्टीमला नाही. त्यामुळे तो पर्याय '३आ. संकलक दूध नाकारतो' असा लिहावा लागेल. वरच्या यादीत तो राहून गेला आहे. तो तुम्हीच भरा. त्यात कारणांची यादी कोण ठरवतं, हा पुढचा प्रश्न लगेच निघेल.

प्रत्येक पर्यायाला शेवट आहे: कुठल्या तरी पायरीवर परत जाणं, यश किंवा अपयश. अधांतरी सोडलेला पर्याय सर्वात महाग पडतो. ४अ बघा. ॲनालायझर बंद असेल तर रांग थांबवता येत नाही, म्हणून नोंद 'फॅट बाकी' राहते. मग ती पूर्ण कोण करणार? यातूनच 'बाकी फॅट भरणे' ही नवी यूज केस निघाली, आणि 'पाळी बंद करणे' मध्ये एक अट वाढली: बाकी नोंदी असताना पाळी बंद होईल का? एका बंद यंत्राच्या प्रश्नातून दोन गरजा बाहेर आल्या. यादी करत बसलो असतो तर त्या सुचल्या नसत्या.

दराचं गणित इथे लिहू नका

पायरी ६ मध्ये 'दरपत्रकानुसार' एवढंच आहे. गाईच्या दुधाचा दर महाराष्ट्रात सहसा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून सांगतात, आणि प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, दर कमी-जास्त होतो. हे सगळं 'नियम' म्हणून वेगळ्या पानावर क्रमांक देऊन लिहा आणि यूज केसमध्ये फक्त क्रमांक द्या: नियम १, नियम २. दर बदलत राहतो, काम करायची रीत बदलत नाही. दोन्ही एकत्र लिहिलं की दर बदलेल तेव्हा सगळी कागदपत्रं उघडावी लागतात.

दोन नियम हमखास विसरतात. पहिला, किलो आणि लिटर. काटा किलो दाखवतो आणि पैसे लिटरवर असतात. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरतं. गुणक कोणता धरायचा आणि तो कोण बदलू शकतो ते लिहा. दुसरा, दशांश चिन्हानंतरचे आकडे. यंत्राने ३.४५ फॅट दाखवली तर दर ३.४ चा की ३.५ चा? रोज दोन वेळा दूध घालणाऱ्या माणसाच्या पगारात या एका उत्तराने फरक पडतो. ते प्रोग्रॅमरच्या हातात राहू देऊ नका. संस्थेकडून ठरवून घ्या.

आता आकृती

आकृती म्हणजे अनुक्रमणिका. चौकोनाच्या आत लंबगोलात यूज केसची नावं, बाहेर ॲक्टर, मध्ये साधी रेघ. मुख्य ॲक्टर डावीकडे आणि काटा-ॲनालायझर उजवीकडे ठेवले की वाचायला सोपं जातं. आधी ए-फोर कागदावर पेन्सिलने काढा, मग ड्रॉ डॉट आयओ किंवा प्लांटयूएमएल या आकृत्या काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या. दोन्हींत देवनागरी नावं चालतात. प्लांटयूएमएलची फाइल मात्र यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर अक्षरांचे चौकोन होतात.

इन्क्लूड आणि एक्स्टेंड या यूज केसेसमधल्या दोन नात्यांनी शिकणाऱ्यांना विनाकारण घाबरवलं आहे. 'नोंद करणे' आणि 'नोंद दुरुस्त करणे' या दोन्हींत दर काढावाच लागतो. तो समान तुकडा 'दर काढणे' म्हणून बाजूला काढला की तो इन्क्लूड. 'उत्पादकांची माहिती सांभाळणे' हे काम संकलन चालू असताना, नवा उत्पादक आला तर, एखादेवेळीच मध्ये येतं, आणि त्याच्याशिवायही संकलनाची यूज केस पूर्णच असते. म्हणून ते एक्स्टेंड. दोन्हींचे बाण तुटक रेघेचे. दिशा लक्षात ठेवायची खूण अशी: बाण नेहमी अवलंबून असणाऱ्याकडून, ज्यावर तो अवलंबून आहे त्याच्याकडे जातो. 'नोंद करणे' कडून 'दर काढणे' कडे इन्क्लूड, आणि 'उत्पादकांची माहिती सांभाळणे' कडून 'नोंद करणे' कडे एक्स्टेंड.

शंका असेल तर दोन्ही वापरू नका. एकाच यूज केसमध्ये येणारी पायरी बाहेर काढून इन्क्लूडचा लंबगोल करणं ही चूकच आहे. तसं करत गेलं की आकृतीचा फ्लोचार्ट होतो. लंबगोलांमध्ये 'आधी हे, मग ते' असा क्रम दाखवणारे बाणही यूज केसच्या आकृतीत नसतात.

मोठ्याने वाचून तपासा

लिहिलेली यूज केस संकलकाला आणि सचिवांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा. एका बैठकीत दोन किंवा तीन, त्याहून जास्त नाही. नंतर माणसं नुसती 'हो हो' म्हणायला लागतात. प्रत्येक पायरीवर थांबून विचारा, 'इथे असं झालं नाही तर?' उत्तर म्हणून सांगितलेली गोष्ट जशी सांगितली तशी लिहा. त्यांचेच शब्द वापरा: ते 'पगार' म्हणत असतील तर 'पेमेंट सायकल' लिहू नका, 'चिठ्ठी' म्हणत असतील तर 'पावती' करू नका. एका गोष्टीला सगळीकडे एकच शब्द, आणि शेवटी त्या शब्दांची छोटी सूची.

चाचण्या याच मजकुरातून निघतात. मुख्य प्रवाहाची एक, प्रत्येक पर्यायाची किमान एक. वरच्या यूज केसला किमान दहा होतात, आणि २आ सारख्या दोन वाटांच्या प्रत्येक पर्यायाला आणखी एक. चाचणीत आकडे खरे घाला: ७.४ लिटर, मानलेला दर ३४.५०, रक्कम २५५.३०. मग चिठ्ठीवर २५५ आले की २५५.३०, ते बघा.

यूज केसमध्ये सगळ्या गरजा बसत नाहीत. 'चिठ्ठी पाच सेकंदांत निघावी', 'इंटरनेट नसताना संकलन चालू राहावं', 'अक्षर लांबून दिसेल एवढं मोठं असावं' या अपेक्षा वेगळ्या पानावर लिहा आणि ज्या यूज केसला लागू आहेत तिचं नाव पुढे घाला. केंद्रावर इंटरनेटची अट सगळ्यात आधी लिहा, कारण सिस्टीमची सगळी बांधणी त्यावर ठरते.

सरावासाठी

'दहा दिवसांचा पगार काढणे' ही यूज केस स्वतः लिहा. मुख्य ॲक्टर सचिव, सहायक ॲक्टर बँक. मुख्य प्रवाह सहा ते नऊ पायऱ्यांत बसवा. दहाच्या वर गेला तर दोन कामं एकत्र झाली आहेत किंवा पायऱ्या फार बारीक आहेत. वेळ दीड तास. पर्याय शोधताना या चार ठिकाणी थांबा: उत्पादकाची पेंड आणि उचल यांची कपात दुधाच्या रकमेपेक्षा जास्त आहे, सहाव्या दिवशी संघाचं नवं दरपत्रक लागू झालं, बँकेने एका खात्याची रक्कम परत पाठवली, आणि पगार काढून झाल्यावर तिसऱ्या दिवसाची एक नोंद 'फॅट बाकी' राहिल्याचं सापडलं.